धोंडोशास्त्र्यांची सोवळी पायगाडी

ठाण्यात पहिली पायगाडी, म्हणजे हल्लीची सायकल, कोणी आणली, यावर आमच्या तलावाकाठच्या पेन्शनरांच्या बाकावर अजून वाद होतो. कोणी म्हणतं रस्त्यांच्या इंजिनीअर साहेबाने, कोणी म्हणतं एका पारशी डॉक्टरने. दोन्ही पक्ष इरेला पेटतात आणि शेवटी काठ्या आपटत घरी जातात. दुसरी पायगाडी कोणी आणली याबद्दल मात्र कोणाचंच दुमत नाही. ती आमच्या शाळेच्या धोंडोशास्त्र्यांनी आणली. आणि ती काही सुधारक होण्यासाठी आणली नाही, सोवळं मोडू नये म्हणून आणली.

हल्लीच्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. हसू द्या. मीही तेव्हा पोट धरून हसलो होतो.

ही हकीकत गेल्या शतकाच्या अखेरची, प्लेग यायच्या थोडी आधीची. मी मूळचा कल्याणचा. ठाण्याच्या इंग्रजी शाळेत गणित शिकवायला लागलो तेव्हा मला बिऱ्हाड मिळालं ते धोंडोशास्त्र्यांच्या शेजारी. ते शाळेत संस्कृत शिकवत. उंच, काटकुळे, पाठीचा कणा असा ताठ की खुर्चीला पाठ म्हणून का असते हे त्यांना ठाऊक नसावं. पत्नी वारलेली. एकुलती एक मुलगी यमू, ती कल्याणला दिलेली. योगायोग असा की यमूचं सासर आमच्या कल्याणच्या घराला लागूनच होतं. दोन ओट्यांच्या मधे एक चाफा, एवढंच अंतर.

शास्त्रीबुवांचं सोवळं ठाण्यात प्रसिद्ध होतं. खडूत शिंपल्यांची भुकटी असते अशी कोणीतरी त्यांना शंका घातली, तेव्हापासून ते खडू केळीच्या पानात गुंडाळून धरत. मुलांच्या वह्यांवर पाणी शिंपडून मगच हात लावत. त्यामुळे शाईने लिहिणाऱ्या हुशार मुलांचे धडे फुटून जात आणि शिसपेन्सिलीने खरडणारी ढ मुलं पास होत. बोर्डावर ते जे काही लिहीत त्याला हिरवट वास यायचा. वर्गात मागच्या बाकावर बसून हा वास घेतलेली माणसं आज वकील आणि मामलेदार होऊन बसली आहेत, पण केळीचं पान दिसलं की त्यांना अजून विभक्ती आठवतात.

दुसरी सवय बोलण्याची. ते साध्यातली साधी गोष्टही शास्त्रार्थासारखी मांडत. आधी विरुद्ध बाजू, मग आपला निकाल. "पूर्वपक्ष असा, की वांगी महाग झाली आहेत. उत्तरपक्ष असा, की आज चतुर्थी आहे, वांगी कशाला?" भाजीवाली बिचारी टोपली डोक्यावर घेऊन दोन्ही पक्ष संपेपर्यंत दारात उभी. पण एक होतं. पूर्वपक्ष ते कधीच लबाडीने मांडत नसत. समोरच्याचं म्हणणं समोरच्यापेक्षा चांगलं मांडत, आणि मगच खोडून काढत. खोडता आलं नाही तर तसं सांगत. मी पुढे पुष्कळ विद्वान पाहिले, पण ही तऱ्हा फार थोड्यांत सापडली.

त्यांचा जीव होता यमूवर. आई लहानपणीच गेल्यामुळे तिची वेणीसुद्धा त्यांनीच घातलेली. दर रविवारी तिला पाहून यावं ही त्यांची एकच इच्छा. ठाण्याहून कल्याणला आगगाडी होती, भाडं परवडत होतं, अडचण कसलीच नव्हती. अडचण त्यांनी स्वतः तयार केली होती.

आगगाडीत कोण शेजारी बसेल याचा नेम नाही, म्हणून आगगाडीतून उतरलं की आंघोळ केल्याशिवाय ते कोणाच्या घरात पाऊल टाकत नसत. बरं, यमूच्या घरी आंघोळ करावी, तर मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. रीत फक्त पिण्यापुरती आहे हो, पण शास्त्रीबुवांनी ती ताणून आंघोळीपर्यंत आणली. आमच्या घरी करा म्हटलं, तर विहीर दोन्ही घरांना मिळून एकच. मग उरला कल्याणचा तलाव. स्टेशनातून निघून ते सरळ तलावावर जात, धोतरासकट बुडी मारत आणि तसेच निथळत यमूच्या दारात येत. ओल्या धोतराने घर ओलं नको, म्हणून ओट्यावर बसत. यमू दाराशी उभी राहून बोले. थंडीच्या दिवसांत त्यांचे दात वाजत, त्यामुळे ते काय म्हणताहेत ते तिला कळत नसे. आणि धोतर वाळून आत जाण्याजोगं झालं की परतीच्या गाडीची वेळ झालेली असे.

मीही रविवारी घरी कल्याणला जात असे, त्यामुळे आमच्या ओट्यावरून हे पुष्कळदा पाहिलं. यमू दर वेळी एका तबकात गूळ आणि फुलपात्रात पाणी घेऊन यायची. त्यांनी प्यायचं नाही हे तिलाही माहीत, पण आलेल्या माणसापुढे पाणी ठेवायचं नाही तर काय करायचं. शास्त्रीबुवा त्या फुलपात्राकडे बघून म्हणत, "बघितलं. पोचलं." मग ठाण्याहून आणलेल्या आपल्या तांब्यातलं पाणी वरून पीत. यमू फुलपात्र परत नेऊन तुळशीत ओतून टाकी. तुळस मात्र चांगली फोफावली होती.

मी एकदा त्यांना म्हटलं, "शास्त्रीबुवा, यात्रेत शिवाशिव धरत नाहीत असं तुम्हीच सांगता. मग कल्याणला जाणं यात्राच समजा की. आंघोळीचं संकट टळेल."

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. चांगला वरणभात निवेपर्यंत केला. मग म्हणाले, "नाही मास्तर. यात्रा देवाकडे असते. मुलीकडे जाणं ही यात्रा नव्हे. ते येणंजाणं."

बैलगाडीचा विचार झाला, तर तिथे चामड्याचे पट्टे आणि गाडीवान. घोड्याला खोगीर. पायी जाऊन पाहिलं, तर पोचायला दुपार झाली आणि यमूने त्यांच्या पायांचे फोड पाहून रडून घर डोक्यावर घेतलं. आणि मग एका संध्याकाळी कचेरीच्या रस्त्यावर त्यांना इंजिनीअर साहेब पायगाडीवरून जाताना दिसला. सगळं गाव त्या चाकांकडे बघत होतं. शास्त्रीबुवा बघत होते साहेबाच्या आजूबाजूला.

माझ्या दाराशी येऊन ते म्हणाले, "मास्तर, पाहिलंत? चारी बाजूंनी मोकळा. शेजारी कोणी नाही, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. पृथ्वीवर इतकं सोवळं वाहन दुसरं नाही. आणि माणूस पोचतो कसा? कोरडा."

त्या "कोरडा" शब्दावर त्यांचा आवाज थोडा हलला. तेव्हा मला समजलं की यांना पायगाडी नको आहे, यांना यमूच्या माजघरात पाटावर बसून तिच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. मी हसायचं थांबलो आणि त्यांच्याबरोबर मुंबईला जायला तयार झालो.

पायगाडी आणायला अर्थातच आगगाडीने जावं लागलं. ते त्यांनी आपद्धर्म म्हणून सोसलं. फोर्टातल्या एका पारशाच्या दुकानात नव्याकोऱ्या विलायती पायगाड्या ओळीने उभ्या होत्या. दोन्ही चाकं सारख्या मापाची, त्यांवर रबरी धावा, काळं कुळकुळीत लोखंड. शास्त्रीबुवांनी हात मागे बांधून एका गाडीला प्रदक्षिणा घातली. दुकानदार बावाजी खूश झाला. त्याला वाटलं पूजाच चालली आहे.

"हे बसायचं कशाचं?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"लेदर, शास्त्रीजी. एकदम पहिला नंबर."

"ते दिसतंय. पण कोणाचं?"

बावाजीने टोपी मागे सरकवली. "आता ते मला काय मालूम? विलायतमधी कोन जिनावर मेला, कंपनी नाय लिहिते."

बैठक तिथल्या तिथे उतरवून घेण्यात आली. बावाजीने ती कागदात बांधून हातात द्यायला पुढे केली तर शास्त्रीबुवा असे मागे सरले की पाठीमागची सगळी रांग कोसळता कोसळता वाचली. मग धावांची चौकशी सुरू झाली. हे रबर म्हणजे काय? बावाजी म्हणाला झाडाचं दूध. "वनस्पती. चालेल." लोखंडाचं काय? "अग्नीतून निघालेलं आहे. शुद्ध." आणि धावेच्या आत?

"आत? हवा."

"कुठली?"

बावाजी आता रंगात आला होता. "विलायतची. तिकडेच भरून पाठवते. फर्स्ट क्लास हवा."

तो थट्टा करत होता हे मला कळलं, शास्त्रीबुवांना नाही. घरी आल्यावर त्यांनी आधी स्वतः आंघोळ केली, मग पायगाडीला घातली, मग दोन्ही चाकांतला परदेशी वारा सोडून दिला आणि तुळशीवृंदावनाजवळ उभं राहून पंपाने नवा वारा भरला. पंप मारता मारता तोंडाने काहीतरी म्हणत होते. मी विचारलं नाही.

आता साज. हा प्रकार पुष्कळ दिवस चालला आणि तो बघायला आमच्या आळीतली माणसं जेवणं आटोपून येत. बैठकीच्या जागी सुताराकडून पाटाच्या फळीचा एक त्रिकोणी तुकडा बसवला. पहिल्याच दिवशी शास्त्रीबुवा त्यावरून उतरले ते फार गंभीर चेहऱ्याने. त्या दिवशी त्यांनी वर्गात उभ्यानेच शिकवलं. मग उत्तरपक्ष सुचला. मृगाजिन हे कातडंच, पण शास्त्राने ते बसायला पवित्र मानलेलं. संध्येच्या आसनाचा एक कोपरा कापून त्याची घडी फळीवर बांधली. मुठींना चामड्याची आवरणं होती, ती काढून सोवळ्यात नेसायच्या जुन्या रेशमी कदाच्या चिंध्या गुंडाळल्या. साखळीला विलायती वंगण चालेना, त्यात चरबी असणार. म्हणून खोबरेल तेल. ते सगळं भाद्रपदात झकास चाललं. मार्गशीर्षातल्या पहिल्या थंड सकाळी तेल थिजलं, साखळी गच्च झाली आणि शास्त्रीबुवा पायगाडी उन्हात उभी करून तिच्यापुढे छत्री घेऊन बसून राहिले, घरातलं खोबरेल वितळायची वाट बघतात तसे. तेव्हापासून थंडीत तिळाचं तेल.

आणि घंटा. गाडीबरोबर आलेली टिणटिणी त्यांना पोरकट वाटली. त्यांनी देवघरातली जुनी घंटा काढली, तिची मूठ हँडलला तारेने बांधली, आणि तिथेच घोटाळा झाला. टिणटिण ऐकून लोक बाजूला होतात. देवाची घंटा ऐकून लोक काय करतात? जागच्या जागी उभे राहून हात जोडतात. शास्त्रीबुवा जितकी जोरात घंटा वाजवीत तितकी माणसं रस्त्याच्या मधोमध डोळे मिटून उभी राहत. एका म्हातारीने तर तीर्थासाठी हात पुढे केला. तरी त्यांनी घंटा बदलली नाही. लोकांची भक्ती वाढते आहे, मग मी का अडवू, असा निकाल दिला.

हँडलच्या दुसऱ्या बाजूला तांब्या. ठाण्याच्या विहिरीचं पाणी, झाकण लावून, जाळीत. यमूकडचं पाणी चालायचं नाही ना.

चालवायला शिकवणारा मी. मलाही येत नव्हती, पण गणिताच्या मास्तराला तोल समजतो असं त्यांचं मत. अट अशी की मी आंघोळ करून ओलेत्याने यायचं, आणि धरायचं ते पायगाडीला, त्यांना नाही. तलावाच्या काठाने आम्ही पहाटे सुरुवात केली. दोन-तीन सकाळी बऱ्या गेल्या. मग एका वळणावर पायगाडी तलावाकडे झुकली. मी न राहवून त्यांच्या दंडाला धरायला हात घातला, तेवढ्या घाईतही ते ओरडले, "शिवू नका," आणि अंग चोरून सरळ पाण्यात गेले. तांब्या तरंगत माझ्याकडे आला. थोड्या वेळाने शेंडी वर आली, मागोमाग शास्त्रीबुवा.

"लागलं का हो?" मी विचारलं.

"नाही. संध्येची वेळ झालीच होती. बरं झालं."

पहिल्या मोहिमेच्या दिवशी पायगाडी चढवायला-उतरवायला मी होडीतून कळव्याची खाडी ओलांडून गेलो. पुलावरून फक्त आगगाडी जाई, बाकीच्यांना होडी. होडीवाला हिरू हा आगरी, मिठागरात अर्धं आयुष्य घालवलेला. त्याने पायगाडीकडे एकदा बघितलं, शास्त्रीबुवांकडे एकदा.

"भटजीबाबा, यो दाना खातं का चारा?"

"तेल खातं," शास्त्रीबुवा म्हणाले.

"मंग आमच्या घरवालीसारखाच हाय. ती पन त्येलाबिगर बोलत नाय."

नावेत शिवाशिव नाही, असं शास्त्र. त्यामुळे होडीत शास्त्रीबुवा मजेत मांडीला मांडी लावून बसले, शेजारच्या कोळणीच्या टोपलीचा धक्का लागला तरी हूं की चूं केलं नाही. पण होडी पलीकडच्या चिखलाला लागली आणि ते उतरले मात्र, लगेच "दूर, दूर" सुरू. हिरू वल्ह्यावर रेलून बघत होता.

"काय ओ भटजीबाबा, पान्यावं चालतं, चिखलावं नाय?"

शास्त्रीबुवा थांबले. खरोखर विचारात पडले. "पूर्वपक्ष बरोबर आहे," ते म्हणाले. "चिखलाबद्दल ग्रंथात काही सांगितलेलं नाही. बघून सांगतो." आणि पुढच्या रविवारी त्यांनी हिरूला आठवणीने सांगितलं की अजून सापडलं नाही.

मोहिमेच्या त्या पहिल्या रविवारी होडीने परतून मी आगगाडीने कल्याणला चाललो होतो. डोंबिवली तेव्हा नुसतं खेडं, आजूबाजूला भातखाचरं. रुळाच्या कडेने गाडीवाट होती. खिडकीतून बघतो तर बांधावर पायगाडी उभी, आणि तिच्या पाठीमागे शास्त्रीबुवा कमरेला उपरणं गुंडाळून ताठ उभे. धोतर साखळीत. गावातली माणसं ते दोन बाजूंनी ओढून सोडवीत होती. मी हात केला. त्यांनी केला नाही, कारण त्यांचे दोन्ही हात कामात होते. पण मान मात्र त्यांनी रीतसर लववली.

तरीसुद्धा ते कोरडे पोचले. थोडे फाटके, पण कोरडे; धोतराला लागलेले परके हात त्यांनी आपद्धर्मात जमा केले होते. मी घरी जाऊन ओट्यावर बसतो न बसतो तोच घंटा वाजली आणि चाफ्याखालच्या दोन बायकांनी हात जोडले. शास्त्रीबुवा हातपाय न धुता, तलावावर न जाता, सरळ यमूच्या माजघरात गेले. त्या दिवशी आमच्या भिंतीपलीकडून बराच वेळ बोलणं ऐकू येत होतं. काय बोलत होते देव जाणे, पण मधूनच यमू हसत होती. लग्न झाल्यापासून तिला एवढं हसताना आम्ही ऐकलं नव्हतं. मला वाटलं, सगळी मृगाजिनं आणि खोबरेलं फळाला आली.

पाणी तेवढं तसंच राहिलं. तबक पुढे यायचं, ते म्हणायचे "बघितलं, पोचलं," आणि आपल्या तांब्यातलं प्यायचे.

असं वर्ष गेलं असेल. शास्त्रीबुवा पायगाडीत तरबेज झाले. धोतराचा काचा मावळ्यासारखा घट्ट मारायला लागले. येताना घंटा वाजवून वाजवून शेवटी तिची जीभ झिजली आणि एका रविवारी ती वाटेतच कुठेतरी गळून पडली. त्यामुळे त्या रविवारी ते कल्याणात शिरले ते आवाज न करता. रबरी धावांना आवाज कसला.

मी आमच्या ओट्यावर सुपारी कातरत बसलो होतो. यमूच्या सासूबाई आपल्या ओसरीत शेजारणीबरोबर तांदूळ निवडत होत्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. बाई वाईट नव्हत्या. तोंड मात्र फटकळ. लोटलेल्या दाराआडून त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"दर आठवड्याला येतात हो. प्रेम आहे, मी कुठे नाही म्हणते? पण तो तांब्या घेऊन येतात ना, तो माझ्या डोळ्यांत खुपतो. अख्खं कल्याण बघतं. कोणी विचारलं नाही तरी तो तांब्याच सांगतो, की माझ्या सुनेची कूस अजून उजवली नाही. वर घंटा वाजवत. कोणी विसरू म्हटलं तर विसरायची सोय नाही. ही पोर पाणी घेऊन जाते आणि तुळशीत ओतून परत येते. त्या वेळचं तिचं तोंड त्यांनी एकदा तरी बघावं."

चाफ्याशी काहीतरी हललं म्हणून मी मान वर केली. शास्त्रीबुवा तिथे उभे होते, पायगाडीच्या हँडलवर हात ठेवून. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी उठायला लागलो, तर त्यांनी तळहात दाखवून मला बसवलं.

त्यांनी पायगाडी चाफ्याला टेकवून ठेवली. मी त्यांना वर्गात, पंगतीत, तलावाच्या पाण्यात पाहिलेलं होतं, पण त्यांचा ताठ कणा वाकलेला त्या दिवशी प्रथमच पाहिला. मला फार वाईट वाटलं. मग ते अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, "पूर्वपक्ष बिनतोड आहे."

त्यांनी तांब्या हँडलवरून सोडला, झाकण काढलं आणि ठाण्याचं सगळं पाणी चाफ्याच्या मुळाशी ओतून दिलं. रिकामा तांब्या पायगाडीलाच अडकवला. मग खाकरले. आत तांदळाचं सूप थांबलं.

यमू नेहमीसारखी तबक घेऊन आली. गूळ, फुलपात्र. शास्त्रीबुवा ओसरीत पाटावर बसले होते आणि दार आता सताड उघडं होतं, त्यामुळे मला दोघंही दिसत होती. यमू फुलपात्र ठेवून मागे सरली आणि "बघितलं, पोचलं" ऐकायची वाट बघत उभी राहिली. त्यांनी फुलपात्र उचललं.

काकू घाईने पुढे आल्या. कितीही बोलल्या तरी रीत मोडायला त्याही तयार नव्हत्या. "अहो शास्त्रीबुवा, हे काय? अजून आमच्याकडे... तुम्हाला रीत ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, विहीणबाई. गावाला मीच सांगत असतो," ते म्हणाले. "बापाने मुलीच्या घरचं पाणी पिऊ नये. बरोबर? पण मी आज बाप म्हणून आलेलो नाही. मी यात्रेला आलो आहे. आणि यात्रेला आलेल्या माणसापुढे तीर्थ आलं तर त्याला नाही म्हणता येत नाही. ग्रंथात बघा हवं तर."

एवढं बोलून त्यांनी ते पाणी प्यायलं. वरून नाही, फुलपात्राला तोंड लावून. या माणसाने भांड्याला ओठ लावलेले मी जन्मात पाहिले नव्हते. संपल्यावर रिकामं फुलपात्र पुढे धरून ते म्हणाले, "यमे, आण अजून. लांबून आलोय."

यमूने आतून कळशीच उचलून आणली. तिने पुन्हा भरलं, त्यांनी पुन्हा प्यायलं. मग पुन्हा. शेवटी तिलाच हसू फुटलं, आणि डोळे पुसत ती म्हणाली, "आप्पा, पुरे आता, तुमच्या पोटात दुखेल." काकू मागे वळल्या. आत गेल्या आणि डब्यातला गूळ घेऊन स्वतः बाहेर आल्या, तबकातल्यापेक्षा मोठा खडा.

ठाण्याला ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. भिक्षुकमंडळी जाब विचारायला आली. शास्त्रीबुवांनी त्यांना ओळीने बसवलं आणि "पूर्वपक्ष मांडा" म्हणून सांगितलं. ती मांडत होती तेव्हा मधे मधे तेच त्यांना मुद्दे सुचवत होते, असं मी ऐकलं. मंडळी उठून गेली ती खांदे पाडून.

मी मात्र त्यांना एकदा पेचात धरलंच. "शास्त्रीबुवा, कल्याणला जाणं ही यात्रा ठरली ना? मग यात्रेत शिवाशिव नाही. आता आगगाडीने जायला हरकत काय?"

त्यांनी डोळे मिटले. "हरकत काहीच नाही," ते म्हणाले. मग तुळशीजवळ उभ्या असलेल्या पायगाडीकडे बघितलं. मृगाजिन नीट केलं. "पण हिला एवढं वळण लावलंय मास्तर, आता टाकून कशी देऊ?" पावसाळ्यापुरती त्यांनी आगगाडी धरली. बाकी पायगाडी. खाडीच्या चिखलातलं "दूर, दूर"सुद्धा त्यानंतर बंद झालं. चिखलाबद्दल ग्रंथात सापडलं का, असं हिरूने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नाही सापडलं. म्हणून सोडून दिलं."

यमूला मूल पुढेही झालं नाही. ते दुःख ज्याचं त्यालाच. पण तिच्या घरी तबक आलं की भरलेलं परत गेलं नाही, एवढं मी शेजारी म्हणून सांगू शकतो.

माझी बदली खानदेशात झाली. निघालो ती सकाळ रविवारची होती. टांगा स्टेशनकडे वळत होता, तेवढ्यात मागून घंटा ऐकू आली. तिला आता नवी जीभ बसवली होती. शास्त्रीबुवा टांग्याच्या बरोबरीने आले. त्यांनी थोडं अंतर माझ्या शेजारून काढलं आणि मला खानदेशच्या पाण्याबद्दल पुष्कळ सूचना केल्या. बोलता बोलता माझं लक्ष हँडलकडे गेलं. एका बाजूला घंटा होती, दुसऱ्या बाजूला जाळी नुसतीच लोंबत होती. अजून तर त्यांना खाडी ओलांडायची होती, मुंब्र्याचा डोंगर, डोंबिवलीची खाचरं, आणि ऊन चढायला लागलं होतं.

"शास्त्रीबुवा, तांब्या राहिला की तुमचा घरी," मी म्हटलं.

"राहिला नाही, मास्तर," ते म्हणाले. "तहान राखून चाललोय."

त्यांनी घंटा वाजवली. समोरून डोक्यावर घागर घेऊन येणारी एक बाई थांबली आणि तिने एका हाताने नमस्कार केला. तिला वळसा घालून ते खाडीच्या रस्त्याला लागले.